धक्का जातो कुठे?

एकदा एका गवयाला एका व्यापाऱ्याने राहायला घर दिले, आणि त्या घराला चाके होती.

गवई वृद्ध होते. लोक त्यांना बुवा म्हणत. ज्याला शिकायचे आहे त्याने गुरूच्या दारी यावे, ही रीत त्यांना कधीच पटली नव्हती. ज्याच्या गावात शिकवणारा नाही त्याने काय पाप केले, असे ते विचारत आणि गावोगाव जाऊन गाणे शिकवत. पुढे वय झाले, एसटीचा प्रवास झेपेना. तेव्हा सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याने एक मोठी बस विकत घेतली, तिच्यातली आसने काढून टाकली आणि आत संसार मांडून दिला. पुढे चालकाची जागा आणि तिच्या शेजारी एक बाक. मध्ये बुवांचा पलंग, ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, न्हाणीघर. सगळ्यात मागे, पडद्याआड, एक रुंद गादी. त्या गादीवर प्रवासात तंबोऱ्यांची जोडी असे.

या घरात चौघे राहत. बुवा, त्यांचा शिष्य, एक तबलजी आणि मालन. इतरांना नावे नसली तरी या गोष्टीचे अडत नाही. मालनचे मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण घरात तिच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते आणि वाचणाऱ्याचेही जाणार नाही अशी मला भीती आहे.

शिष्य इंजिनिअर होता. नोकरी नाकारून त्याने गाणे पत्करले होते. अवजड वाहनाचा परवाना काढून बसही तोच चालवत असे. साधेपणावर त्याची अतोनात निष्ठा होती. पंखा एकच हवा, ताटे स्टीलचीच हवीत, सत्काराची शाल घ्यायची नाही, असे नियम त्याने या फिरत्या घराला घालून दिले होते, आणि बुवा ते बिनतक्रार पाळत.

मालन पन्नाशीला आलेली. शिष्याचा जन्मही झाला नव्हता तेव्हा ती गडहिंग्लजहून बुवांकडे शिकायला आली. पुढे एका आजारपणात तिचा आवाज बसला तो पूर्ण कधी सुटलाच नाही. मग ती बुवांच्या मागे बसून तंबोरा छेडू लागली. ज्यांनी गाण्याच्या बैठका ऐकल्या आहेत त्यांना ठाऊक असेल, गाणाऱ्याकडे सगळे पाहतात, तबल्याला दाद मिळते, आणि तंबोरा छेडणाऱ्याचा चेहरा घरी गेल्यावर कुणाला आठवत नाही.

बुवांच्या घरची एक शिस्त होती. प्रवासात तंबोरा एकटा ठेवायचा नाही, कुणीतरी जवळ बसायचे. पूर्वी शिष्य आळीपाळीने बसत. ते एकेक करून मार्गी लागले. राहता राहिली मालन. बस सुरू झाली की ती मागे जाई आणि पडदा ओढून घेई. घरातली सर्वांत मोठी गादी तिच्या वाट्याला आली म्हणून तबलजी त्या जागेला राणीमहाल म्हणत.

"राणीसाहेब, चहा आत पाठवू का?" ते पुढून ओरडत.

"पाठवा की. येताना सांडू नका म्हणजे झालं," आतून उत्तर येई.

सगळे हसत. बस धावत राही.

त्या वर्षी हिवाळ्यातल्या फेरीत एक गोष्ट घडली. एका तालुक्याच्या गावी शिष्य गात होता. राग नुकताच रंगू लागला होता, आणि मागचा तंबोरा अडखळला. एक तार वाजायची राहिली. थोड्या वेळाने पुन्हा तसेच झाले. शिष्याने गाता गाता मान वळवून मालनकडे पाहिले. श्रोत्यांनीही ते पाहिले.

बैठक संपल्यावर तो म्हणाला, "ताई, लक्ष कुठं असतं तुमचं? तंबोराच असा थबकायला लागला तर मी सूर कुठं शोधायचा?"

मालन तंबोऱ्याला गवसणी घालत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बुवांना म्हणाली, "बुवा, ही फेरी झाली की मला मोकळं करा. भावाकडं जाते. आता माझ्यानं होत नाही."

"काय होत नाही?"

"वय झालं की," ती म्हणाली आणि भांडी विसळायला वळली.

शिष्याला वाटले, रागावली आहे, उतरेल राग. तबलजींना वाटले, खरेच वय झाले असेल. बुवांनी मात्र त्या दिवसापासून मालनकडे पाहायला सुरुवात केली. इतकी वर्षे ते तिचा तंबोरा ऐकत आले होते. तिच्याकडे पाहिले नव्हते.

फेरीच्या मध्यावर बस मिरजेला आली. तंबोऱ्यांची जवारी पुन्हा करून घ्यायची होती, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेचा झंकार मोकळा करायचा होता. जोडी कारागिराकडे दिली. मिरजेत आहोत म्हटल्यावर बस देणारे शेठजी सांगलीहून भेटायला आले. मागे एकदा थोडे अंतर ते याच बसमधून गेले होते, आणि ओट्याला धरून उभे असताना एका खड्ड्यात त्यांचा चष्मा पाण्याच्या पिंपात गेला होता.

"बुवा, तुम्ही फक्त हो म्हणा," ते म्हणाले. "गाडीचे शॉक अब्सॉर्बर बदलून देतो. गॅसचे मिळतात आता, जड गाड्यांसाठी. मागं चार बसवू. गाडी कशी पाण्यावरून गेल्यासारखी जाईल."

"सिनेमावाल्यांच्या गाड्यांना लावतात ते," शिष्य म्हणाला. "आम्हाला कशाला?"

"अरे, सिनेमावाल्याला कंबर असते आणि गवयाला नसते का?"

"शेठजी, तुमचा हेतू चांगला आहे. पण जे आहे ते चालत असताना भारीतलं घ्यायचं, याला अंत नसतो. आज शॉकअप, उद्या एसी, परवा टीव्ही. त्यापेक्षा कुणा गरीब मुलाला एक तंबोरा घेऊन द्या."

शेठजी हिरमुसले. बुवांनी शिष्याला विचारले, "जुने ठीक आहेत का?"

शिष्य चौकशी केल्याशिवाय बोलणारा नव्हता. तो बस घेऊन मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री गाडीखाली शिरला, बॅटरीच्या उजेडात पाहून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "तेल गळत न्हाई. बुश बरे हाईत. चालवायचं म्हटलं तर चालतील, बदलायचं म्हटलं तर बदला. आता एवढं घर लादलंय म्हटल्यावर मागनं उडणारच की थोडी."

यातले 'चालतील' शिष्याने ऐकले. 'उडणारच' त्याने ऐकले नाही. आपल्याला हवे ते वाक्य ऐकून उठण्याची सवय अडाण्यांपेक्षा शिकलेल्यांना जास्त असते.

परत आल्यावर त्याने बुवांना सगळे समजावून सांगितले. "चाकांवरचे लोखंडी पाटे धक्का झेलतात. पण पाटा एकदा दबला की वरखाली नाचत राहतो. ते नाचणं थांबवायचं काम शॉक अब्सॉर्बरचं. मराठीत म्हणायचं तर धक्काशोषक."

मालन पलीकडे कोथिंबीर निवडत होती. "काय म्हटलं? धक्कासोसक?"

"शोषक, ताई. शोषून घेतो तो शोषक. सोसक असा शब्दच नाही."

"असंल," मालन म्हणाली आणि काड्या वेगळ्या करू लागली.

"आणि ते आपलं काम करतात हे कशावरून?" बुवांनी विचारले.

शिष्याकडे उत्तर तयार होते. "बुवा, सगळ्यात नाजूक वस्तू आपल्या गाडीत कोणती? तंबोरा. वाळलेला भोपळा. जरा आपटला तर चिरतो, खुंटी जरा हलली तर तार उतरते. पण इतक्या गावांना गेलो, तंबोरा गाडीतून उतरतो तो सुरात उतरतो. सूर जुळवायच्या मण्यांना जरा हात लावला की पुरे. याहून मोठा पुरावा कोणता?"

कुणाही गवयाला हे पटले असते. तंबोरा खोटे बोलत नाही अशी त्यांची श्रद्धा असते. तबलजींनी मान डोलावली. शेठजींनीसुद्धा डोलावली.

"धक्का जातो कुठे मग?" बुवा म्हणाले.

"शोषला जातो."

"सगळा?"

"सगळा. नाहीतर तंबोऱ्यानं सांगितलं नसतं का?"

"बरं," बुवा म्हणाले. "गाडी तू चालवतोस. निर्णयही तूच घ्यावास. पण उद्या जिथे शिकवायला जायचं आहे तिथून येईपर्यंत घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा रिक्षा करून कुंभाराकडे गेले आणि रिक्षा भरून मडकी घेऊन आले. लहान, मोठी, पाण्याची, दह्याची. बसच्या मागच्या गादीवर, जिथे तंबोरे असत तिथे, त्यांनी ती मांडायला लावली. खाली रजई, भोवती उश्या, मध्ये कापडाच्या घड्या.

शेठजी पुन्हा आले होते; आज तेही बसमधून बरोबर निघणार होते. ते तबलजींच्या कानात कुजबुजले, "बुवांची तब्येत बरी आहे ना?"

"काही सांगता येत नाही," तबलजी म्हणाले. "मडक्यावर ताल धरायचा, घटम शिकायचा विचार असेल. माझी नोकरी गेली म्हणायची."

शिष्याने दोरीने उश्या नीट आवळल्या. त्याला या खेळाचा अर्थ थोडा कळल्यासारखा वाटत होता, आणि थोडा रागही आला होता. "बुवा, तंबोरा म्हणजे मडकं नाही."

"नाही. तंबोरा मडक्याहून नाजूक आहे. कालच तू सांगितलंस."

मालन सवयीप्रमाणे मागे निघाली. बुवांनी तिला थांबवले. "आज तू पुढे बसायचंस. याच्या शेजारी, बाकावर."

"आणि मडकी?"

"मडकी राहतील."

"एकटी?"

"एकटी."

तिला ते मुळीच आवडले नाही. "मी बसते की मागं. मला पुढं काय काम आहे?"

"काहीच काम नाही. म्हणूनच बस."

बस निघाली. शहराबाहेर पडेपर्यंत रस्ता बरा होता. पुढे कारखान्याचा रस्ता लागला. उसाच्या ट्रॉल्यांनी वर्षानुवर्षे दाबून त्याच्या दोन्ही चाकोऱ्यांच्या नाल्या झाल्या होत्या आणि मधूनमधून ठिगळे उखडली होती. शिष्याला हा रस्ता नवा नव्हता. असल्याच रस्त्यांवर त्याचा सगळा प्रवास होता. चालकाचे आसन स्प्रिंगचे असते आणि ते पुढच्या चाकांपाशी असते. खड्डा आला की त्याला झोपाळ्याला हलका झोका दिल्यासारखे वाटे, इतकेच.

पहिला खड्डा दिसला तेव्हा शेजारी काही हलले. शिष्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिले. मालनचे दोन्ही हात वर आले होते.

"ताई, घाबरू नका. हळूच घेतो."

"मी कशाला घाबरू?" ती म्हणाली आणि हात पदराखाली घेतले.

दुसरा खड्डा आला. हात पुन्हा बाहेर आले. मालन ओशाळली. तिने हात मांड्यांखाली दाबून धरले आणि खिडकीबाहेर पाहू लागली. पण रस्ता समोर दिसत होता, आणि पुढची भेग चाकाखाली येण्याआधीच ते हात पुन्हा सुटले. दर वेळी तसेच. खड्ड्याच्या अगदी जरासे आधी. आणि दर वेळी एकाच आकारात. उजवा हात खाली, तळवा वर, काहीतरी जड तोलून धरावे तसा. डावा हात छातीशी वळलेला, एखादी लांब दांडी कवेत घ्यावी तसा. धक्का बसून गेला की दोन्ही हात हळूच उतरत, आणि उजव्या हाताची बोटे ती डाव्या हाताने चोळी.

शिष्याने तंबोरा हजारदा उचलला होता. तो आकार ओळखायला त्याला खरे तर इतका वेळ लागायला नको होता.

त्याच वेळी मागे पहिले मडके फुटले.

त्याचा पाय आपोआप ब्रेककडे गेला. बुवांचा आवाज आला, "थांबू नकोस. रोज थांबतोस का?"

"बुवा, मडकी फुटताहेत."

"ऐकू येतंय मला. रोज ज्या वेगाने जातोस त्याच वेगाने जा."

बस जात राहिली. बसचा मागचा भाग मागच्या चाकांच्या बराच मागे लोंबता असतो. चाक खड्ड्यात वीतभर उतरले तर तिथली गादी हातभर उडते. रजई होती, उश्या होत्या, दोरी होती. तरीही एकामागून एक आवाज येत राहिले. दर आवाजाला मालन दचकत होती. तिच्या तोंडून "अगं बाई" निघे आणि ती उठायला पाही. शेवटी ती काकुळतीने म्हणाली, "बुवा, मला जाऊ द्या की मागं. मी असते तर एक फुटलं नसतं."

शिष्याने बस रस्त्याच्या कडेला घेतली. बुवांनी या वेळी त्याला अडवले नाही.

तो मागे गेला. पडदा सरकवला. गादीवर खापऱ्यांचा ढीग होता. कोपऱ्यात अडकलेली काही लहान मडकी तेवढी वाचली होती. ज्या जागेला सगळे रोज राणीमहाल म्हणून हसत आले होते ती जागा त्याने गाडी धावत असताना एकदाही पाहिली नव्हती. 

मालन त्याच्या मागोमाग आली आणि खापऱ्या गोळा करू लागली. उजव्या हाताने उचललेली खापरी तिच्या बोटांतून निसटली. तिने डाव्या हाताने उचलली.

"ताई, हात दुखतो का?"

"दुखायचा आधी. आता दुखत नाही," ती म्हणाली. "आता कळतच नाही. या दोन बोटांना तार लागली का नाही, तेच समजत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तंबोऱ्यापाशी बसायचं हे घरचं काम. त्यात सांगण्यासारखं काय?"

तबलजी पडद्यापाशी आले होते. ते वाकून खापऱ्या वेचू लागले. शेठजी पुढे बाकावरच होते.

बुवा हळूहळू चालत मागे आले आणि गादीच्या काठावर बसले. थोडी जागा करून त्यांनी शिष्यालाही बसवले. मग ते म्हणाले:

"तुझं यंत्राचं ज्ञान बरोबर आहे. हिशेब एका जागी चुकला. धक्का नाहीसा होत नाही, तो फक्त पुढे सरकतो. रस्ता तो चाकाला देतो, चाक पाट्याला. लोखंडाने जेवढा घेतला तेवढा घेतला. उरलेला वर येतो आणि घेणारा शोधतो. तंबोऱ्याने तो घेतला असता तर तंबोरा फुटला असता, आणि तू त्याच दिवशी शॉकअप बदलले असतेस. तो एका माणसाने घेतला. माणूस फुटल्याचा आवाज होत नाही. म्हणून तंबोरा सुरात उतरला की आपण म्हणत राहिलो, गाडी उत्तम आहे. काल हिने एक शब्द उच्चारला, धक्कासोसक. असा शब्दच नाही, असं तू तिला सांगितलंस. शब्द नसेल. माणूस होता. यंत्र शोषतं, माणूस सोसतो. गवयाच्या कानाला हा उच्चारातला फरक कळायला हवा होता. मलाही कळला नाही. परवा हिला चहाचा कप डाव्या हाताने उचलताना पाहिलं तेव्हा कळलं."

शिष्य खाली पाहत म्हणाला, "मला वाटलं, आपण साधे राहतो आहोत."

"साधेपणा स्वतःच्या अंगावर घ्यायचा असतो," बुवा म्हणाले. "तो दुसऱ्याच्या अंगावर टाकला की त्याला दुसरं नाव असतं. तू पंखा नाकारलास, तुलाच उकडलं, ते ठीक. शॉकअप नाकारताना आधी विचारायला हवं होतं, की धक्के कुणाला बसणार."

एवढेच ते बोलले. पण मला इथे थांबवत नाही. कितीतरी शाळा, कचेऱ्या, चळवळी आणि कुटुंबे अशीच चालतात. इथे कधी काही बिघडत नाही, कधी काही फुटत नाही, म्हणून आपण व्यवस्थेची पाठ थोपटतो. आणि न फुटणे हे कुणाच्या तरी मनगटावर चाललेले असते. ज्यांची मनगटे जातात त्यांना आपण वर विचारतो, लक्ष कुठे असते तुमचे?

शिष्य उठला आणि शेठजींपुढे जाऊन उभा राहिला. "शेठजी, काल मी नाही म्हणालो ते चूक होतं. शॉकअप बसवू या. जड गाडीचे, तुम्ही म्हणाला तेच."

शेठजींना आनंद झाला. "एसीसुद्धा..."

"एसी नको."

"बरं, नको," शेठजी लगेच म्हणाले.

मालनला हा सगळा प्रकार अवघड झाला होता. "माझ्या नावानं एवढं काही करू नका," ती म्हणाली. "आणि शॉकअप बसले म्हणून माझी बोटं उद्या जागी होणार आहेत, असंही समजू नका. मी जाणार म्हटलं ते जाणारच."

  शिष्य म्हणाला, "जा, ताई. पण आधी डॉक्टरांना हात दाखवू. आणि मोकळं करा म्हणालात ते कायमचं की बरं वाटेपर्यंतचं, ते आत्ता ठरवू नका."

फेरीच्या शेवटी शिष्याची स्वतःची पहिली मोठी बैठक होती. कोल्हापूरचे रसिक येणार होते, निमंत्रणे गेली होती. त्या संध्याकाळी त्याने आयोजकांना फोन करून ती पुढे ढकलली. पलीकडून बराच वेळ बोलणे चालले. शिष्य ऐकत होता. शेवटी तो एवढेच म्हणाला, "नाही हो, माझा गळा ठीक आहे. आमच्याकडच्या एकांचा हात ठीक नाही."  गाण्याची ती संधी पुन्हा येईल याची खात्री त्याला कुणी दिली नव्हती.

डॉक्टरांनी मालनच्या मनगटाची नस दाबली गेल्याचे सांगितले. पट्टा दिला, व्यायाम दिले, विश्रांती सांगितली आणि वजन धरून बसायला साफ मनाई केली. शिष्य तिला गडहिंग्लजला भावाच्या घरी सोडून आला. बस मिस्त्रीकडे लागली. मिस्त्रीने जुने शॉकअप काढून नवे चढवले, पाण्याची टाकी आणखी पुढे सरकवली, आणि "आता जरा माणसात आली गाडी" असा शेरा मारला.

उन्हाळा सरत आला तेव्हा मालनचा फोन आला. एक बोट पुरते जागे झाले होते, दुसरे अजून आळसावलेले होते.

"येते मी," ती म्हणाली. "तंबोरा छेडीन. गाडीत धरून बसणार नाही."

"बसायचं नाहीच आहे, ताई," शिष्य म्हणाला.

ती आली त्या दिवशी बस पुन्हा त्याच कारखान्याच्या रस्त्याने निघाली. स्टिअरिंगवर तबलजी होते. त्यांनी परवाना नुकताच काढला होता आणि त्याचा त्यांना गर्व होता. मालन पुढच्या बाकावर बसली. शिष्य मागे गेला, गादीवर मांडी घातली, एक तंबोरा मांडीवर आडवा घेतला आणि दुसऱ्याच्या भोपळ्याखाली हात दिला. नव्या शॉकअपमुळे बस पूर्वीसारखी उधळत नव्हती. खड्ड्यातून वर आली की एकदाच दबून शांत होई. तरीही थोड्या वेळाने मागून हाक आली, "अहो, जरा हळू! पुढं बसून तुम्हाला काय कळतंय?"

"राणीसाहेब," तबलजी ओरडले, "चहा पाठवू का?"

मालन खळखळून हसली. मग तबलजींना म्हणाली, "खरंच हळू घ्या."

गाव आले. बस थांबली. मालनने मागे जाऊन पडदा सरकवला. शिष्य तंबोरा बाजूला ठेवून मनगट चोळत होता.

"कसं होतं मागं?"

"बरं होतं," तो सवयीने म्हणाला. मग थांबला. "नाही. धक्का येतो. पहिल्यासारखा नसेल, पण येतो."

"येणारच की," मालन म्हणाली. "रस्ता कुठं बदललाय? उतरा आता. उद्याची पाळी तबलजींची."

"परवाची माझी," बुवा पलंगावरून म्हणाले.

कुणी हसले नाही. मालनने त्यांच्यासाठी मागच्या गादीवर आणखी एक उशी नेऊन ठेवली.